खऱ्या बोर्डातलं नापास चाललं असतं

माझ्या धाकट्या भावाने नववीत शाळा सोडली. लॉकडाऊनच्या काळात बाबा गेले, त्यानंतर त्याचं अभ्यासात मन लागलंच नाही. नववीला नापास झाला, लहान मुलांबरोबर पुन्हा त्याच वर्गात बसायची त्याला लाज वाटू लागली, आणि तो ठाण्यात किसननगरातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला. आई पोळीभाजी केंद्रात कामाला, मी एका सीएंच्या ऑफिसात. त्याने निदान दहावी व्हावं आणि हाताला एखादं काम यावं, एवढंच आम्हाला हवं होतं. 2023 च्या मे महिन्यात रिक्षा स्टँडजवळ एका मुलाने हातात पत्रक दिलं, त्यावर नेमकं तेच छापलेलं होतं: एका वर्षात दहावी पास, सोबत एसी-फ्रिज दुरुस्तीचा डिप्लोमा, नोकरीची हमी.

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. ठाणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. भिंतीवर ‘स्किल इंडिया’चं, म्हणजे केंद्र सरकारच्या कौशल्य मोहिमेचं चिन्ह रंगवलेलं. समोरच्या मॅडम फार मायेने बोलल्या. “ताई, मुलगा हुशार आहे, फक्त वाट चुकलाय. अजून एक वर्ष वाया घालवू नका.” बाबा गेल्यापासून माझ्या भावाला हुशार कोणी म्हटलं नव्हतं. तो खुर्चीत जरा ताठ बसला. मी तेव्हाच मनातून हो म्हणून टाकलं.

फी 65 हजार. पाच हजार रोख, बाकीचे ‘हप्त्याने’. मॅडमनी माझा फोन मागितला, आधार आणि पॅन घेतलं, दोन ओटीपी आले ते मी वाचून दाखवले. पाच मिनिटांत काम झालं. हप्ता संस्थेला जातोय असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं 60 हजारांचं कर्ज निघालं होतं. संस्थेला सगळी रक्कम आधीच मिळाली होती आणि 24 महिने माझ्या पगारातून दरमहा तीन हजार कापले जाणार होते. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी मी, पण फोनवर आलेला करार उघडून पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी घेतली, ती मला पैशांपेक्षा जास्त लागली. शाळा सोडल्याचा मूळ दाखला. ‘बोर्डात जमा करायचाय’ म्हणून घेतला आणि परत दिलाच नाही.

वर्ग म्हणजे एक खोली, 22 मुलं आणि उघडा करून ठेवलेला एक विंडो एसी. त्या एसीत गॅसच नव्हता, वीजही जोडलेली नव्हती. मुलांनी आळीपाळीने हातात पाना धरून त्याच्याशेजारी उभं राहायचं आणि फोटो काढायचा. दोन महिन्यांनी शिक्षक बदलले, चौथ्या महिन्यात येईनासे झाले. भाऊ तरी रोज जायचा, बसचे पैसे वाचावेत म्हणून चालत. मला काही बोलला नाही. ताईचे हप्ते चालू आहेत, आपण तक्रार कशी करायची, असं त्याला वाटत राहिलं. हे त्याने मला खूप नंतर सांगितलं.

दहावीची परीक्षा एका हॉलमध्ये झाली, दोन दिवसांत सगळे विषय. फळ्यावर उत्तरं लिहिलेली होती. महिन्याभराने मार्कशीट आली, सोनेरी होलोग्राम लावलेली, दिल्लीच्या कुठल्याशा मुक्त बोर्डाची. 78 टक्के. आईने देवापुढे ठेवली.

ती मार्कशीट घेऊन तो 2024 मध्ये आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी करायला गेला. तिथल्या सरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, हे बोर्ड मान्यताप्राप्त नाही. पुढचं वाक्य भावाने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं: “वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतो रे. खऱ्या बोर्डाच्या परीक्षेला बसून नापास झाला असतास, तरी तुला अर्ज भरता आला असता.”

त्या रात्री तो जेवला नाही. पैशांचं मी पाहून घेईन म्हणत होते, पण त्याचं दुःख पैशांचं नव्हतंच. चार महिने रिकाम्या खोलीत जाऊन बसलेला मुलगा तो, आणि पुन्हा एकदा आपणच वाया गेलो असं त्याच्या मनाने घेतलं. माणसं पुन्हा उमेद धरून उभी राहतात तेव्हाच त्यांना गाठून लुबाडणाऱ्यांचा मला फार राग येतो.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, चौकशी. खासगीरीत्या दहावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म असतो. किमान पाचवी पास आणि 14 वर्षं पूर्ण असली की भरता येतो, दरवर्षी ठरावीक मुदतीत, ऑनलाइन. नोंदणी तेव्हा हजार-बाराशेच्या घरात होती, परीक्षा शुल्क वेगळं. जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. आपल्या भागाचं विभागीय मंडळ वाशीला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएसही आहे, तिची दहावी केंद्र सरकारची. ‘मुक्त बोर्ड’ हा शब्द ऐकला की पूर्ण नाव विचारा, कागदावर लिहून घ्या आणि वाशीला जाऊन दाखवा. आणि भिंतीवरच्या चिन्हाला भुलू नका. 2015 मध्ये सुरू झालेल्या, याच ‘स्किल इंडिया’तल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षणार्थीकडून फी घेतच नाहीत. ते चिन्ह लावून कोणी 65 हजार मागत असेल तर तिथूनच उठा.

मूळ दाखला कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. आम्हाला प्रतिज्ञापत्र करून शाळेतून दुय्यम प्रत काढावी लागली. मुख्याध्यापिका बाईंनी एका शब्दाने बोल न लावता सही केली.

ऑफिसला आता कुलूप आहे. पोलिसांत अर्ज दिलाय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद गोळा करतेय. कर्ज माझ्या नावावर असल्यामुळे हप्ते मात्र शेवटपर्यंत भरावे लागले. भावाने 17 नंबरचा फॉर्म भरला. संध्याकाळी दुकानातून आला की बीजगणित घेऊन बसतो. मी शेजारी बसते, फार बोलत नाही.

त्या वर्गातल्या 22 मुलांपैकी सहा घरं मला सापडली आहेत. वागळे इस्टेट, लोकमान्यनगर, कळवा. दोन घरांत ती मार्कशीट अजून फ्रेम करून भिंतीवर आहे. तुमच्याकडे अशी मार्कशीट किंवा फीची पावती असेल तर फाडू नका, एसीशेजारचा तो फोटोही जपून ठेवा. आयोगापुढे आम्हाला तोही लागणार आहे.