मेलेल्या डिस्कला पण 'सक्सेसफुल'चं सर्टिफिकेट

नाशिकला बायकोचं टॅक्स रिटर्न भरायचं छोटं ऑफिस आहे आणि तिथल्या कॉम्प्युटरची सगळी कटकट माझ्या गळ्यात. दिवाळीनंतर नऊ जुनी मशीन काढायची ठरली. क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळं त्यात, म्हणून भंगारवाल्याला न देता मुद्दाम एक 'डेटा वाईप करून देतो' म्हणणारा माणूस शोधला. मशीनचे पैसे तो आपल्याला देणार आणि वाईपचे डिस्कमागे ३५० आपण त्याला द्यायचे, वर सर्टिफिकेट. माणूस बोलायला एकदम गोड, तीन पास ओव्हरराईट करतो (म्हणजे अख्ख्या डिस्कवर तीनदा नवं काहीतरी लिहून जुनं पुसायचं), अमेरिकन मिलिटरीची पद्धत आहे, वगैरे वगैरे. ३१५० रुपये रोख मोजले मी, मशीनच्या पैशातून वळते पण करून घेतले नाहीत, इतका विश्वास.

एक बरं केलं, मशीन उघडून प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर वहीत उतरवून ठेवला होता. आठ हार्ड डिस्क ५०० जीबीच्या आणि एक २४० जीबीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क).

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याचा पोरगा सर्टिफिकेट घेऊन आला, सोबत दोन डिस्क, त्या मी परत मागितल्या होत्या कारण सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला हव्या होत्या. शिक्का, सही, प्रत्येक डिस्कपुढे सुरू आणि संपल्याची वेळ, शेवटी 'थ्री पास ओव्हरराईट, सक्सेसफुल'. वहीशी नंबर जुळवत बसलो तर सहावा नंबर बघून हसूच आलं. ती डिस्क दोन वर्षं झाली मेलेली होती हो! मशीन चालू केलं की टकटक आवाज करायची आणि बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसायचीच नाही, ते मशीन तसंच कोपऱ्यात धूळ खात पडलेलं. जी डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नाही तिच्यावर ह्यांनी तीन वेळा लिहिलं, आणि ते पण सक्सेसफुल.

मग वेळा नीट बघितल्या. प्रत्येक डिस्कला बरोब्बर १८ मिनिटं. असल्या जुन्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहून होतं, म्हणजे ५०० जीबीचा एक पास व्हायलाच जवळपास दीड तास लागतो आणि तीन पासला चार तासांच्या वर. हा हिशोब पैसे द्यायच्या आधी करायला हवा होता, पण तेव्हा मिलिटरी ऐकून गार झालो होतो.

रात्री परत आलेल्यातली एक डिस्क लावली, पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखी दुसरी सिस्टीम) चालू केलं आणि फोटोरेक, म्हणजे पुसलेल्या फाईल परत काढणारं सॉफ्टवेअर, चालवलं. फुकट मिळतं, कमांड लाईनचंच आहे, बाण आणि एंटर एवढंच दाबायचं. वीस मिनिटात पीडीएफ पडायला लागल्या. फाईलची नावं गेलेली, एफ आणि पुढे लांबलचक आकडे, पण उघडल्या की आत सगळं धड. फॉर्म १६, आधारचे स्कॅन, कुणाच्या तरी घराचं खरेदीखत. बायको मागे उभी होती, एका शब्दाने बोलली नाही, जाऊन झोपली. मला ते जास्त लागलं.

त्याने काय केलेलं तर विंडोजचं क्विक फॉरमॅट. त्यात फक्त वरची अनुक्रमणिका नवी होते, पुस्तकाची पानं तशीच राहतात. फोन केला तर म्हणे दादा फॉरमॅट म्हणजे इरेजच असतं, आणि एवढं खोलात कोण बघतं. मेलेल्या डिस्कचं विचारल्यावर फोन कट.

आपण तर छोटी माणसं, पण मॉर्गन स्टॅन्लीसारख्या बँकेनं सुद्धा जुन्या डिस्क अशाच, ह्या कामाचा अनुभव नसलेल्या कंपनीकडे दिल्या होत्या, त्या डेटासकट लिलावात विकल्या गेल्या आणि २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर दंड बसला.

त्या दोन डिस्क मग मीच पुसल्या. आधी लिनक्समध्ये एलएसबीएलके (lsblk, जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) टाकून साईज आणि मॉडेल बघून डिस्क नक्की कुठली ते ठरवलं, हे दोनदा करा, कारण मी स्वतः एसडीए (sda, लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) लिहून बसलो होतो आणि ती माझी चालू डिस्क होती, एंटरच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. मग श्रेडला (shred, वर लिहून पुसणारी कमांड) एक पास आणि शेवटी शून्य भरायला सांगितलं, अख्ख्या डिस्कवर, एकेका फाईलवर नाही. काही सांगितलं नाही तर श्रेड तीन पास करतं, पण हार्ड डिस्कला एक पास पुरतो. पावणेतीन तास लागले. नंतर हेक्सडम्प (डिस्कवर खरंच काय लिहिलंय ते दाखवणारी कमांड) मारलं तर शून्यांची एक ओळ, खाली एक चांदणी, म्हणजे पुढेही सगळं तेच, बास. ज्याने वाईप केलं त्याला हे तुमच्यासमोर कुठल्याही एका डिस्कवर करून दाखवायला सांगा, पाच मिनिटात कळतं.

एसएसडीला मात्र श्रेडच्या भरवशावर राहू नका, तिचा कंट्रोलर (आतली चिप) लिहिलेलं परस्पर दुसऱ्या जागी टाकतो आणि जुनं आत राहू शकतं. तिला एचडीपार्म (hdparm) कमांडने सिक्युअर इरेज द्यायचं, म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःला पुसते, किंवा एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर तेच एनव्हीएमईच्या फॉरमॅट कमांडने. 'फ्रोझन' (म्हणजे इरेजला कुलूप) दाखवलं तर मशीन एकदा स्लीप करून उठवा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. आणि मेलेल्या डिस्कला कुठलीच कमांड नाही, सरळ ड्रिल.

बाकीच्या सात डिस्क कुठे आहेत ते अजून कळलं नाही. दुकानात गेलो तर म्हणाला लॉट दिल्लीला गेला. पोलीस स्टेशनला अर्ज दिलाय, सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स लावली, सहाव्या नंबराखाली लाल पेनने रेघ मारून. बायको रोज संध्याकाळी पाच-सहा क्लायंटना फोन करून सांगते आहे, अजून निम्मे बाकी आहेत.