आरटीएक्स ५०७० की ५०६० टीआय १६ जीबी? गेमिंग आणि मशीन लर्निंग, दोन्हीसाठी एकच कार्ड घेताना

एकाच ग्राफिक्स कार्डावर मशीन लर्निंगची मॉडेल ट्रेन करायची आणि गेमही खेळायचे, असा बेत असेल तर एनव्हिडियाच्या २०२५च्या कार्डांपैकी खरी ओढाताण या दोघांत होते. कारण महाग कार्डात मेमरी कमी आहे: ५०७० मध्ये १२ जीबी, तर ५०६० टीआयमध्ये १६. (५०६० टीआय ८ जीबीचंही मिळतं. नाव तेच असतं, म्हणून बिलावर १६ जीबी लिहिलंय ना ते बघूनच पैसे द्या.)

नुसते गेम खेळायचे असते तर वादच नव्हता, ५०७० घ्या. कुडा कोअर (कार्डातले हिशेब करणारे छोटे घटक) ६१४४ विरुद्ध ४६०८, मेमरीचा वेग सेकंदाला ६७२ जीबी विरुद्ध ४४८. १४४०पी मॉनिटरवर हा फरक सरळ दिसतो. १०८०पीवर खेळणाऱ्याला मात्र ५०६० टीआय पुरून उरतं, आणि डीएलएसएस ४ (एआयच्या मदतीने गेमच्या फ्रेम वाढवणारं तंत्र) दोन्हींत आहेच.

मशीन लर्निंगला हिशेब फिरतो. कार्ड हळू असेल तर सकाळी संपणारं ट्रेनिंग दुपारी संपेल, पण मेमरी कमी पडली तर ते सुरूच होणार नाही. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्याला २ बाइट देऊन, चालवायचं तर नुसत्या वेट्सना (मॉडेलने शिकलेल्या त्या आकड्यांना) १४ जीबी लागतात. १२ जीबीत ते मावत नाही, १६ मध्ये कसंबसं बसतं. तेच मॉडेल ४ बिटमध्ये आणलं की सुमारे ४ जीबीत येतं. मग दोन्ही कार्डं चालतात आणि ५०७० उत्तरं भराभर देतं, कारण प्रत्येक टोकनसाठी (उत्तरातल्या शब्दाच्या तुकड्यासाठी) सगळी वेट्स मेमरीतून वाचावी लागतात आणि त्याच्या मेमरीचा वेग जास्त आहे. २४ अब्जांचं मॉडेल घेतलं तर मात्र ४ बिटमध्येही १२ जीबी पुरत नाहीत.

फाइन-ट्यूनिंगला, म्हणजे तयार मॉडेल आपल्या डेटावर पुढे शिकवायला, त्याहून जास्त जागा लागते. ‘कुडा आउट ऑफ मेमरी’ (कार्डाची मेमरी संपली) अशी एरर आली की बॅच साइज (एका वेळी किती नमुने घ्यायचे) १६ची ८, ८ची ४ करत जायचं, तरी भागलं नाही तर ग्रेडियंट चेकपॉइंटिंग (मधले हिशेब साठवण्याऐवजी पुन्हा करून मेमरी वाचवणं). विंडोजवर कधीकधी एररही येत नाही. ड्रायव्हर न मावणारा भाग गुपचूप साध्या रॅममध्ये ढकलतो आणि मिनिटांचं काम तासांवर जातं. म्हणून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिसमेम फॉलबॅक (हीच रॅममध्ये ढकलण्याची सोय) बंद करून ठेवा. मग नेमकं काय बिघडलं ते लगेच कळतं.

एएमडीचं ९०७० एक्सटी गेमिंगला दमदार आहे, मेमरीही १६ जीबी. तयार मॉडेल घरी चालवायला ते चालेल. पण रॉकएम (एएमडीचं मशीन लर्निंगसाठीचं सॉफ्टवेअर) कितीही सुधारलं असलं तरी बहुतेक लायब्ररी आणि ट्यूटोरियल कुडा, म्हणजे एनव्हिडियाचं तसंच सॉफ्टवेअर, गृहीत धरूनच लिहिलेली असतात. नव्याने शिकणाऱ्याने शिकण्याचा वेळ इन्स्टॉलेशनशी झगडण्यात घालवावा, असं मला वाटत नाही.

एनव्हिडियाचं जुनं आरटीएक्स ३०९० मोह पाडतं: २४ जीबी, सेकंदाला ९३६ जीबी वेग. भाषा मॉडेलांवरच काम असेल तर ते या सगळ्यांना मागे टाकतं. पण ते २०२०चं कार्ड आहे, कित्येक क्रिप्टो मायनिंगमध्ये राबलेली आहेत, आणि मेमरीच्या निम्म्या चिप कार्डाच्या पाठीमागे असल्याने त्या फार तापतात. विकणाऱ्यासमोर अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून मेमरीचं तापमान बघितल्याशिवाय घेऊ नका. वीजही ३५० वॉट खातं: रात्रभर दहा तास ट्रेनिंग म्हणजे साडेतीन युनिट. ५०६० टीआयचे १.८ होतात.

माझं मत ५०६० टीआय १६ जीबीकडे झुकतं, कारण गेमची सेटिंग्ज खाली आणता येतात, कार्डाची मेमरी वाढवता येत नाही. पण तुमचं काम टेबलमधला डेटा किंवा रेझनेट-५०सारखी चित्रं ओळखणारी छोटी मॉडेल एवढंच असेल, तर १२ जीबी भरपूर झाले. पैसे भरण्याआधी गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून कोड चालवायची सेवा) तुमचाच कोड फुकटच्या टी४ कार्डावर चालवा, त्यात १६ जीबी असतात. ट्रेनिंग चालू असताना एनव्हिडिया-एसएमआयमध्ये (कार्डाचा वापर दाखवणारी कमांड) वापरलेली मेमरी बघा. आकडा १० जीबीच्या आत राहिला तर ५०७० बिनधास्त घ्या.