कँडी बॅसलेट: महिन्यात सात वेळा दिसला

तीन महिने यादीत नाव लावून ठेवलं, तेव्हा कुठे हा टँकमध्ये पाळायचा इवलासा समुद्री मासा आला. शास्त्रीय नाव लिओप्रोपोमा कार्माबी. पूर्ण वाढला तरी जेमतेम 6 सेंटिमीटर, आणि किंमत चारशे डॉलरच्या वर. इथे न्यू जर्सीला आमच्याकडे राहायला आलेली आई पिशवीत डोकावून म्हणाली, "अरे, एवढ्यात पापलेटची पाटी आली असती."

पॅकिंगला पूर्ण गुण. थर्माकोलचं खोकं, दुहेरी पिशवी, मासा टवटवीत. खोल पाण्यातून भरकन वर काढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि तो वरच्यावर तरंगत राहतो. हा मात्र सरळ तळाशी गेला.

आणि तिथेच नाहीसा झाला!

विक्रेत्यावर राग आहे तो फोटोचा. लख्ख उजेड, मोकळी वाळू, मध्ये हा मिरवतोय. मी तसंच टँक सजवलं. तीन दिवस शेपूटसुद्धा दिसली नाही. मग वाचायला बसलो. हा कॅरिबियनचा, फ्लोरिडा-बहामापासून खाली कुरासाव बेटापर्यंत. नावातलं कार्माबी म्हणजे तिथलीच सागरी संशोधन संस्था. राहतो 15 ते 70 मीटर खोलीवर, प्रवाळाच्या ढिगाऱ्यात, कपारींत. तांबडा प्रकाश तिथवर जवळजवळ पोचतच नाही, म्हणजे ज्या लालबुंद रेघांसाठी आपण पैसे मोजतो त्या त्याच्या घरी काळपट दिसतात. लपण्याचा पोशाखच तो.

मग दिवे मंद केले, दगडांखाली पाइपचे तुकडे सारले, पाणी 26 वरून 24 अंशांवर आणलं. चौथ्या संध्याकाळी कपारीतून तोंड बाहेर आलं, मायसिस (माशांना घालतात ती कोळंबीसारखी बारीक खाद्यजीवं) गिळली, गुडूप. पण ते दोन सेकंद! केशरी अंगावर जांभळ्या रेघा, त्यांना लाल किनार. महिन्यात असं सातदा.

घेणार असाल तर पोटाकडचा मागचा पर आधी बघा. तिथे काळा ठिपका असेल तर तो स्विसगार्ड, याचा स्वस्त चुलतभाऊ. कँडीला ठिपके फक्त पाठीच्या मागच्या परावर आणि शेपटीच्या दोन टोकांना.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण फोटोसाठी कापला, एक आमच्या छोट्या कोळंबीसाठी. गुरुवारपासून ती दिसत नाही. हा हेकरूचा, म्हणजे त्या मोठ्या शिकारी माशाचा, भाऊबंद आहे हे ऐकल्यापासून आईला कसलीच शंका उरलेली नाही.