गमबूट: पावसाला झकास, खाडीला नको

धरमतर खाडीला मामांबरोबर चिंबोऱ्यांना जायचं म्हणून मुद्दाम गुडघ्यापर्यंतचे गमबूट मागवले, साडेसहाशेला पडले. पाचपैकी तीन स्टार देतोय, कापलेल्या दोनातला एक खरंतर माझ्याच अडाणीपणाचा.

रबर चांगलंय, पाणी एक थेंब आत येत नाही. पण सुकतीला (ओहोटीला) तिवराखाली, म्हणजे खारफुटीखाली उतरलो आणि चौथ्या पावलाला बूट तिथेच राहिला, मी मोज्यावर पुढच्या चिखलात. मामा अनवाणी, हसून हसून बेजार. म्हणे, "आरं ह्यो वरचा चिखल म्हंजे लोणी हाय, खाली धारेकडं चल."

तिकडे, म्हणजे खाडीतल्या वाहत्या पाण्याच्या वाटेकडे, खरंच पाय कमी रुतला. होतं काय, भरतीचं पाणी धारेतून वर पसरतं तसा त्याचा जोर मरतो, रेती जड म्हणून खालीच पडते आणि बारीक चिकणगाळ मात्र पार तिवराच्या मुळांपर्यंत पोचतो. भरती पूर्ण झाली की पाणी जरा वेळ उभं राहतं, तेवढ्यात तो खाली बसतो, कारण खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून त्याच्या गुठळ्या होतात, सुटेसुटे असते तर कित्येक तास तरंगतच राहिले असते. आणि एकदा बसलेला गाळ उठवायला पाण्याला जास्त जोर लागतो, त्यामुळे ओहोटी सगळा परत नेत नाही, थोडा दरवेळी मागे राहतोच. वर ती तपकिरी साय दिसते ना, ती डायटमची (डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ), तिच्या चिकटपणाने पण गाळ धरून राहतो (घसरलो मी तिच्यावरच, चिखलात उड्या मारणारे मासे, निवट्या, बघत होत्या).

असल्या चिखलात सपाट रुंद तळवा म्हणजे आफतच. पाय हलवताना चिखल पातळ होतो, दोन मिनिटं थांबलात की परत घट्ट, आणि बूट सरळ वर ओढला की खाली पोकळी होऊन तो जास्तच धरतो. टाच आधी हलवून बाजूने पाणी बुटाखाली जाऊ द्या, मग निघतो. हे मामांनी शिकवलं, बॉक्सवर कुठे लिहिलेलं नाही.

कालवांच्या खडकावर मात्र बूट कामाला आले, तिथे मामांनाच जपून चालावं लागत होतं. उधाणाच्या दिवसांत जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा, पाणी चार-साडेचार मीटर चढतं आणि बूट सोडवत बसायला टाइम नसतो. तळव्याच्या खाचा खूप खोल आहेत, तीनदा धुतले तरी गाळ निघतोच आहे.