१४४१६ : रात्री पावणेदोनला लावलेला फोन

हिंजवडीतली नोकरी सोडून तीन आठवडे झाले होते, तरी मेसेज आल्याचा तो 'टिंग' कानात वाजायचाच. शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह वाजला तरी पोटात गोळा. रोजच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणायचा, "झेपत नसेल तर सांग." झेपत नव्हतंच, पण सांगायचं कोणाला? आईने आधी फ्लॅटच्या हप्त्याचा विषय काढला असता.

एका रात्री पावणेदोनला, नवरा जागा होऊ नये म्हणून ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनला टेकून बसले आणि १४४१६ लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन; १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत. भाषा मराठी निवडली. मला हेच फार मोलाचं वाटलं, कारण इंग्रजीत विचारलं की माझ्या तोंडून आपोआप 'फाइन' निघतं. पलीकडच्या ताईंनी "पॉझिटिव्ह राहा" वगैरे ऐकवलं नाही. जेवता का, झोप किती लागते, जीव नकोसा होतो का, सरळ विचारलं. मग म्हणाल्या, ऑफिसचं ॲप काढून टाका, आणि झोप सुधारली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ॲप अजून फोनमध्येच होतं! बोलता बोलता काढलं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. अडकलेला पगार काही या नंबरावर सुटत नाही. त्यासाठी एचआरला माझे मेल अजून चालूच आहेत, फक्त आता सकाळी, चहा झाल्यावर.