दोन्ही स्तन काढल्यानंतर सिलिकॉनची जोडी: नागपूरच्या उन्हाळ्यात कितपत झेपते?

धंतोलीतल्या सर्जिकलच्या दुकानात कृत्रिम स्तन मागितला की बहुधा वजनदार सिलिकॉनचा पुढे येतो. एकाच बाजूचा स्तन काढला असेल तर तो बरोबर आहे. दुसऱ्या स्तनाइतकं वजन नसलं की ब्रा वर सरकते, खांदा दुखतो. पण बीआरसीए जनुकातल्या दोषामुळे (यात स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) कॅन्सरआधीच दोन्ही स्तन काढले असतील, तर तोल सांभाळायचाच नसतो. मग जड जोडीसाठी पैसे कशाला? हलकं सिलिकॉन घ्या, दोन्ही एकाच मापाचे. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. तोवर कापसाचे मऊ पॅड पुरेत.

खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. सिलिकॉन घाम शोषत नाही; त्वचेला चिकटून बसतं आणि खालच्या कडेला घामोळं उठतं. म्हणून आतून खिसा असलेली सुती ब्राच हवी, रुंद पट्ट्यांची, काखेजवळ उंच. ब्लाऊजच्या अस्तरात असाच खिसा नेहमीचा टेलरही शिवून देतो. घरात सुती धाग्याने विणलेली जोडी घालावी. उन्हाळ्यापुरती तीच सरस.

रोज जोडी काढली की छातीवरून आणि काखेतून बोटं फिरवा. या शस्त्रक्रियेने स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटतो, शून्य होत नाही. कारण त्वचेखाली आणि काखेकडे थोडी स्तनपेशी राहतेच. स्तनाग्र राखलं असेल तर त्यामागेही. घामोळं काही दिवसांत जातं. दोन आठवड्यांनंतरही लाली तशीच असेल, टाक्यांच्या रेषेवर कडक गाठ लागली किंवा त्वचा आत ओढली गेली, तर डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा ती मेलेल्या चरबीची गाठ निघते, पण ते हाताला कळत नाही. सोनोग्राफी लागते, कधी सुईने तुकडाही काढतात. गाठ नसली तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. नियमित मॅमोग्राफी सहसा लागत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका मात्र या शस्त्रक्रियेने कमी होत नाही, त्याचं वेगळं विचारा.

धुणं सोपं: कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं, मग सोबतच्या साच्यातच ठेवायचं. नुसतं कपाटात टाकलं की घडी पडते आणि तिथेच चीर जाते. पदराची पिन खांद्यावरच लावा. टोचली की आतला चिकट जेल बाहेर येतो आणि जोडी बाद.