थकव्यावर आधी काय करावे: रक्ततपासणी, टॉनिक, चहा, झोप की चालणे?

थकवा घालवण्याच्या उपायांची तुलना करायची, तर तो थकवा कोणाचा आहे हे आधी ठरवावे लागते. या लेखापुरती मी एक स्त्री डोळ्यांसमोर ठेवली आहे. तिचे वय पस्तीस ते पंचेचाळीस, घर डोंबिवली, बदलापूर किंवा विरारला आणि नोकरी मुंबईत आहे. ती पहाटे पाचला उठते, स्वयंपाक करून डबे भरते, लोकल पकडते आणि रात्री अकराच्या पुढे अंथरुणाला पाठ टेकते. निदान झालेला कोणताही आजार तिला नाही. पण दुपारी तीनच्या सुमारास तिचे डोळे मिटू लागतात, स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना धाप लागते आणि रविवारची दुपार झोपून काढली तरी सोमवारी अंगात त्राण वाटत नाही. पुरुषांना आणि इतर वयांच्या माणसांनाही पुढचे बरेचसे लागू पडते; जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

तिच्यापुढचे पर्याय ठरलेले आहेत. औषधांच्या दुकानातून टॉनिक किंवा मल्टिव्हिटॅमिन आणणे, दिवसातला चहा-कॉफीचा एखादा कप वाढवणे, रक्त तपासून घेणे, झोप वाढवणे किंवा चालायला लागणे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: पहिला खर्च रक्ततपासणीवर करावा, पहिला अर्धा तास झोपेला द्यावा आणि टॉनिकचा विचार सर्वांत शेवटी करावा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो आणि त्यात महिनेच्या महिने वाया जातात.

झोप येते की त्राण नाही?

उपाय निवडण्यापूर्वी एक फरक ओळखता आला पाहिजे. गाडीत बसायला जागा मिळताच डोळा लागतो, मीटिंगमध्ये जांभया आवरत नाहीत, टीव्हीसमोर मान कलते, ही झोपेची थकबाकी आहे. याउलट आडवे झाले तरी झोप येत नाही, पण दोन मजले चढले की छातीत धडधडते, केस गळतात, पायांत गोळे येतात, हा थकवा बहुधा शरीरात कशाची तरी कमतरता असल्याचे सांगतो. तिसराही एक प्रकार आहे. सकाळी उठल्यापासून कशातच रस वाटत नाही, आवडीच्या माणसांशी बोलणेही नको होते आणि असे आठवडेच्या आठवडे चालते. तिथे नैराश्याचा विचार करावा लागतो आणि त्यावर टॉनिक किंवा चालण्याचा नेम हा पुरेसा उपचार नव्हे. अनेकींमध्ये पहिले दोन प्रकार एकत्र असतात, म्हणूनच नुसती झोप वाढवूनही काहींना निम्माच आराम पडतो.

रक्ततपासणी आणि टॉनिक

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. देशाचा आकडा ५७ टक्के होता. म्हणजे लोकलच्या महिलांच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीचे हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता आहे. हिमोग्लोबिनची किमान मर्यादा गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी दर १०० मिलिलिटर रक्तामागे १२ ग्रॅम आणि पुरुषासाठी १३ ग्रॅम मानतात. शक्यता एवढी मोठी असताना तपासणी न करता बाटली आणणे मला समजू शकते, कारण दुकान कोपऱ्यावर असते आणि डॉक्टरकडे जायला रजा लागते. पण ते हिताचे नाही. का नाही, ते नीट पाहण्यासारखे आहे.

पहिले कारण असे की हिमोग्लोबिन हा शेवटी ढासळणारा आकडा आहे. त्याआधी शरीरातला लोहाचा साठा संपतो आणि तो साठा फेरिटिनच्या तपासणीत दिसतो. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रक्तक्षय नसलेल्या, पण फेरिटिन कमी असलेल्या थकलेल्या स्त्रियांना बारा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह दिले, तेव्हा त्यांच्या थकव्याचे गुण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना नकळत निव्वळ दिखाऊ गोळी दिली होती, त्यांचेही गुण सुमारे २९ टक्क्यांनी उतरले. हे दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत. पहिला सांगतो की कमतरता असेल तिथे लोहाने खरोखर फरक पडतो. दुसरा सांगतो की शेजारणीला अमुक टॉनिकने ‘फार बरे वाटले’ या अनुभवावर विसंबता येत नाही, कारण काहीही न घेता केवळ घेतल्याच्या भावनेनेही माणसाला बऱ्यापैकी बरे वाटते.

दुसरे कारण बी-१२ चे. हे जीवनसत्त्व जवळजवळ फक्त प्राणिजन्य अन्नातून मिळते, त्यामुळे शाकाहारी घरात त्याची भिस्त दूध, दही आणि ताक यांच्यावर असते; आणि चहात घातलेले दोन चमचे दूध त्याला पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील माता आणि मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातून बी-१२ ची कमतरता आपल्याकडे किती सर्वदूर आहे हे पुढे आले. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. आता अडचण अशी की लोहाच्या कमतरतेने तांबड्या पेशी लहान होतात आणि बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या होतात. दोन्ही एकदम असतील तर पेशींच्या आकाराची सरासरी बिनचूक दिसू शकते आणि अहवाल वरवर पाहणाऱ्याची फसगत होते. शिवाय ज्या टॉनिकमध्ये फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ नाममात्र असते, त्याने रक्त सुधारलेले दिसते, पण बी-१२ अभावी नसांना होणारी इजा आत चालूच राहते. तळपायांना मुंग्या येत असतील किंवा जीभ लाल आणि गुळगुळीत होऊन चुरचुरत असेल, तर बी-१२ तपासल्याशिवाय राहू नये. तपासणीच्या आधीच गोळ्या सुरू केल्या तर रक्तातला आकडा फुगतो आणि मूळ प्रश्न झाकला जातो, म्हणून क्रम पाळावा.

तिसरे कारण मला सर्वांत गंभीर वाटते. लोह कमी झाले, तर ते कुठे गेले हा प्रश्न उरतोच. पाळीत जास्त रक्त जात असेल, गर्भाशयात गाठी असतील, तर टॉनिकच्या बाटल्या संपत राहतील आणि गळती चालूच राहील. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी आढळले तर पचनमार्गातून रक्तस्राव होतो आहे का, हे तपासणे अगत्याचे असते. आणि काही माणसांत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असल्यामुळेच पेशी लहान असतात; लोह पुरेसे असताना त्यांना वरून आणखी लोह देण्यात काही अर्थ नाही.

खर्चाची तुलनाही करून पाहावी. संपूर्ण रक्तगणना खासगी प्रयोगशाळेत काही शे रुपयांत होते आणि हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासून मिळते. फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच यांचा खर्च त्याहून जास्त आहे, पण या तपासण्या दर महिन्याला करायच्या नसतात. टॉनिकची बाटली मात्र दर महिन्याला येते.

घरगुती उपायांत गूळ-शेंगदाणे आणि खजूर यांच्यावर मोठी श्रद्धा आहे. खाऊ म्हणून ते बिस्किटांपेक्षा कितीतरी चांगले. पण १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, म्हणजे वीस ग्रॅमच्या खड्यातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुचवलेली स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. हिमोग्लोबिन नऊवर आलेले असताना केवळ गुळावर भागवणे म्हणजे उपचार लांबवणे होय. च्यवनप्राशाबद्दल एवढेच म्हणेन की त्यात साखर बरीच असते, त्यामुळे मधुमेह्यांनी विचारूनच घ्यावे. बी-१२ ची गरज ते भागवू शकत नाही.

दुपारचे तीन: चहा, डुलकी की फेरी?

एकच्या सुमारास ऑफिसात डबे उघडतात. मेथीची भाजी, दोन पोळ्या, डाळीची आमटी, क्वचित लिंबाची फोड. डबा धुऊन ठेवेपर्यंत टेबलावर चहा आलेला असतो. भाजी आणि डाळीतल्या लोहाला चहातली टॅनिन द्रव्ये बांधून टाकतात आणि त्याचे शोषण बरेच घटते. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. चहा सोडण्याची गरज नाही. तोच कप अडीच वाजता घेतला तर लोहही वाचते आणि तीनची गुंगीही टळते. लिंबाची फोड मात्र जेवतानाच पिळावी, कारण क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. एकही पैसा न लागणारा इतका उपयुक्त बदल दुसरा मला दिसत नाही.

चहातील कॅफिन थकवा भरून काढत नाही; झोपेची जाणीव मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या अडेनोसिनचा मार्ग ते काही तास अडवते. ते शरीरातून निम्मे बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे घरी पोचल्यावर सव्वासातला घेतलेल्या कडक चहाचा अर्धा अंश मध्यरात्रीही रक्तात असू शकतो. चार-साडेचारनंतरचा कप हा उद्याच्या थकव्याची तरतूद आहे, असे समजून तो टाळावा. एनर्जी ड्रिंकमध्येही मुख्यतः हेच कॅफिन असते. आपल्याकडच्या नियमांनुसार त्याची कमाल मर्यादा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात फार तर ७५ मिलिग्रॅम, जे एक-दोन कप चहा-कॉफीतून मिळतेच, आणि वर पाच-सहा चमचे साखर येते. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी ते मुळीच नाही.

घरून काम करणाऱ्यांना आणि निवृत्तांना वामकुक्षीचा पर्याय आहे आणि तो चहापेक्षा सरस आहे, पण गजर लावून, दहा ते वीस मिनिटांचीच. अर्ध्या तासाच्या पुढे गाढ झोप लागली की उठल्यावर डोके जड होते. ऑफिसात हे शक्य नसते, तेव्हा जेवणानंतर दहा मिनिटांची फेरी घ्यावी. जेवणानंतरची रक्तातील साखरेची उसळी चालण्याने कमी होते. सकाळच्या लोकलमधली डुलकी खुशाल घ्यावी. संध्याकाळी साडेसातची डुलकी मात्र ज्यांना रात्री लवकर झोप येत नाही त्यांनी टाळलेली बरी.

अर्धा तास मिळाला तर झोप की व्यायाम?

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीला जेमतेम साडेपाच मिळते. तिला ‘सकाळी अर्धा तास लवकर उठून चालत जा’ असा सल्ला देणे मला अन्यायाचे वाटते. तिचा तो अर्धा तास झोपेला गेला पाहिजे, आणि तो तिच्या एकटीच्या निग्रहाने निघणार नाही. रात्रीची भाजी निवडणे, कणीक मळून ठेवणे, आपापला डबा भरणे ही कामे नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी वाटून घेतली तरच तो निघतो. घरातल्या एकीचा थकवा ही घराची जबाबदारी आहे, यावर माझा ठाम विश्वास आहे. झोपेचे तास पुरेसे असूनही सकाळी डोके दुखत असेल आणि घरचे लोक मोठ्या, मध्येच थांबणाऱ्या घोरण्याची तक्रार करत असतील, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करावी. तिथे तास वाढवून उपयोग होत नाही.

झोप सात तासांच्या जवळ आली आणि हिमोग्लोबिन ठीक असले, की चालणे हा सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात २००८ साली ३६ बैठ्या, सतत थकलेल्या तरुणांवर एक प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटे, सहा आठवडे व्यायाम करणाऱ्यांपैकी सौम्य गटाचा थकवा ६५ टक्क्यांनी, तर मध्यम गटाचा ४९ टक्क्यांनी घटला. प्रयोग लहान आहे. तरी घाम निथळेपर्यंत धावल्याशिवाय फायदा नाही ही समजूत त्याने दूर होते. एक थांबा आधी रिक्षा सोडून घरापर्यंत चालणेही यात बसते.

किती दिवस वाट पाहावी

चहाचा परिणाम अर्ध्या तासात कळतो, झोपेचा एक-दोन आठवड्यांत, चालण्याचा सहा आठवड्यांत. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन साधारण महिनाभरात एक-दोन ग्रॅमने वाढते. पण तेवढ्यावर गोळ्या थांबवल्या तर साठा रिकामाच राहतो, म्हणून डॉक्टर पुढे आणखी काही महिने त्या चालू ठेवायला सांगतात. शौचाचा रंग काळसर होणे अपेक्षित आहे. बद्धकोष्ठ झाले तर एक दिवसाआड गोळी चालेल का, हे विचारावे, कारण तशा पद्धतीने शोषण उलट चांगले होते असे दिसून आले आहे. वजन घटणे, संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा बसल्या जागी धाप यांपैकी काही असेल तर मात्र यातल्या कशाचीही वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

ज्यांना टीएसएच वाढल्यामुळे थायरॉइडची गोळी सुरू झाली आहे आणि सोबत लोहही लिहून दिले आहे, त्यांनी वेळा नीट बसवाव्यात. थायरॉइडची गोळी पहाटे उठल्या उठल्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये, चहाही घेऊ नये. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून किमान चार तास दूर ठेवावे, आणि ती दोन्हीही एकत्र घेऊ नयेत. लोहाची गोळी दुपारच्या चहानंतर तास-दीड तासाने, घोटभर लिंबूपाण्याबरोबर घेतली तर ऑफिसात सहज जमते; कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घेता येते.